फ्रेडरिक डग्लस : मातृकुलाचा अभिमान

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तो उचितच आहे. यंदा मात्र आम्ही वाचकांपुढे जे चरित्र ठेवीत आहो, ते आपल्या ज्ञातीतील पुरुषाचे नाही, आपल्या देशातील पुरुषाचेही नाही. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या, गोऱ्या पित्यापासून कृष्णवर्णी मातेच्या पोटी आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे ते चरित्र आहे. कोणी ज्ञातिबांधव विचारील की, या परदेशस्थ पुरुषाचा आपल्या संस्थेशी संबंध काय? त्यास आमचे उत्तर असे की, कुळ, जन्म आणि रक्त या तीन गोष्टींचा जेथे जेथे विचार होतो, तेथे तेथे या पुरुषाच्या चरित्राचा संबंध पोहोचतो. आणि आपल्यासारख्या संस्थांत या तीन गोष्टींचा विचार वर्षाचे बारा महिने चालतो.

महाराष्ट्राशी जोडणारा धागाही अगदीच नाही असे नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला होता. जोतीराव आणि डग्लस यांची भेट कधी झाली नाही. परंतु ज्या लढ्याकडे जोतीरावांनी पुण्यात बसून आदराने पाहिले, त्या लढ्याच्या अग्रभागी उभे राहिलेल्या पुरुषांपैकी डग्लस हे एक होते.

जन्म आणि कायदा

मेरिलँड राज्याच्या पूर्व भागात टॅल्बट परगणा आहे. तेथे टकाहो नावाच्या ओढ्याकाठी १८१८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात हॅरिएट बेली या दासीला मुलगा झाला. त्याचे नाव फ्रेडरिक ऑगस्टस ठेवले गेले. आरन अँथनी हा तिचा मालक. गुलामांच्या जन्माची टिपणे त्याने वहीत ठेवली होती. तीत या मुलाच्या नावापुढे आईचे नाव आहे, महिना आहे, साल आहे. बापाचे नाव नाही. ही वही डग्लस यांच्या पाहण्यात कधी आली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी ती अभ्यासकांच्या हाती लागली. आपला जन्म कोणत्या साली झाला याविषयी त्यांस आयुष्यभर संदेह राहिला, आणि घोड्याला जसे आपले वय ठाऊक नसते तसे गुलामाला आपले वय ठाऊक नसते, ही खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली.

पिता गोरा होता, हे मुलाच्या वर्णावरूनच उघड होते. तो पिता म्हणजे प्रत्यक्ष मालकच, अशी कुजबूज गुलामांच्या झोपड्यांतून चाले. परंतु खात्रीने सांगणारे कोणी नव्हते, आणि विचारण्याचा अधिकार मुलास नव्हता.

येथे त्या देशातील कायद्याचे मर्म सांगितले पाहिजे, त्याविना पुढील कथा उमगणार नाही. इंग्रजी परंपरेप्रमाणे अपत्याचा दर्जा पित्यावरून ठरत असे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली हा दंडक उलटा फिरविला आणि अपत्य स्वतंत्र की गुलाम, हे मातेच्या स्थितीवरून ठरेल असा कायदा केला. पुढे गुलामगिरीच्या सर्व प्रांतांत, मेरिलँडमध्येही, हीच रीत रूढ झाली. या एका वाक्याच्या कायद्याने काय साधले पहा. मालकाने दासीशी कुकर्म केले, तर त्यापासून होणारे मूल त्याचे अपत्य ठरत नसे, त्याची मालमत्ता ठरे. ज्या कृत्याबद्दल एरवी मनुष्यास लाज वाटावी, त्याच कृत्याने त्याच्या संपत्तीत भर पडू लागली. आपल्या स्मृतिकारांनीही बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याचा पुष्कळ खल केला आहे. अमेरिकेतील मळेवाल्यांनी तो वाद व्यापारी बुद्धीने सोडविला, इतकेच.

या कायद्याची दुसरी बाजू फ्रेडरिकच्या आजोळीच दिसत होती. त्याचे आजोबा आयझॅक हे स्वतंत्र होते. परंतु आजी बेट्सी ही दासी होती. म्हणून तिच्या पोटची सर्व मुले, आणि त्या मुलींची सर्व मुले, जन्मतःच दास. बाप स्वतंत्र कृष्णवर्णी असो की धनाढ्य गोरा असो, त्याचा उपयोग मुलास शून्य.

आजी आणि आई

फ्रेडरिकची पहिली सहा वर्षे आजीच्या झोपडीत गेली. बेट्सी बेली ही मोठी कर्तबगार स्त्री होती. मासे धरण्याची जाळी विणण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि तिच्या हाताने लावलेली रताळी हटकून चांगली येतात अशी भोवतालच्या लोकांची श्रद्धा होती. मालकाने तिजकडे एकच काम दिले होते : तरुण दासींची मुले सांभाळावयाची. आया शेतावर राबत, मुले आजीपाशी वाढत, आणि कामाला येण्याजोगी झाली की एकेक करून मालकाच्या वाड्यावर जात.

सहाव्या वर्षी फ्रेडरिकची पाळी आली. आजीने त्यास बरोबर घेतले आणि बारा मैलांची वाट चालून वाय नदीकाठच्या मोठ्या मळ्यावर आणले. तो मळा कर्नल एडवर्ड लॉइड यांचा. अँथनी हा त्यांचा कारभारी. तेथे फ्रेडरिकला आपली भावंडे प्रथमच दिसली. जा, त्यांच्याशी खेळ, असे आजीने सांगितले. तो भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने एका मुलाने येऊन आजी निघून गेल्याचे सांगितले. तो स्वयंपाकघराकडे धावला. आजी खरोखरच गेलेली होती. जमिनीवर पडून तो रडला आणि रडता रडताच झोपी गेला. मोठेपणी राष्ट्राध्यक्षांसमोर न डगमगणाऱ्या या पुरुषाने आपल्या आयुष्यातील पहिली फसवणूक म्हणून हा प्रसंग सांगितला आहे; आजीवर मात्र त्यांनी दोष ठेवला नाही.

आईची आणि मुलाची भेट चार-पाच वेळांहून अधिक झाली नाही. तिला मालकाने बारा मैलांवरील एका शेतकऱ्याकडे कामास लावले होते. दिवसभर शेतात राबून ती रात्री पायी येई, मुलाजवळ निजे, आणि उजाडण्यापूर्वी परत निघे. कारण सूर्योदयाला शेतात हजर नसल्यास फटके ठरलेले. अशीच एक रात्र. वाड्यावरच्या स्वयंपाकिणीने त्या दिवशी मुलावर राग धरून त्यास अन्नच दिले नव्हते. अंधार पडल्यावर तो चुलीपाशी मक्याचे दाणे भाजून खाण्याच्या खटपटीत होता, इतक्यात आई आली. तिने मुलास पोटाशी घेतले, स्वयंपाकिणीची चांगलीच खरडपट्टी काढली आणि मुलाच्या हातावर आल्याचा गोड केक ठेवला. आपण कोणाचे तरी मूल आहो, हे त्या रात्री आपणांस प्रथम कळले, असे डग्लस यांनी म्हटले आहे. सकाळी जागे होऊन पाहतात तो आई निघून गेलेली. ती पुन्हा आली नाही. तो सुमारे सात वर्षांचा असता ती वारली. आजारात तिची भेट नाही, अंत्यविधीस जाण्याची मुभा नाही.

मिश्र रक्ताच्या मुलांची दशा

बापाचे रक्त अंगात असल्याने अशा मुलांस काही सवलत मिळत असेल, अशी वाचकांची कल्पना होईल. वस्तुस्थिती बहुधा उलट होती. गोऱ्या यजमानणीला असे मूल म्हणजे नवऱ्याच्या दुराचाराची चालती-बोलती साक्ष. त्याने काही केले तरी तिला ते खुपे, आणि त्याला फटके बसलेले पाहूनच तिचे समाधान होई. घरात शांतता राहावी म्हणून मालक कित्येकदा आपल्या पोटच्या मुलांस दूरच्या व्यापाऱ्यास विकून टाकी. औरस गोऱ्या मुलाने आपल्याच तोंडवळ्याच्या भावास चाबकाने मारावे, हे त्या समाजात घडत असे.

लॉइड यांच्या मळ्यावर विल्यम विल्क्स नावाचा गाडीवान होता. वर्णाने तो जवळजवळ गोराच. आणि धन्याच्या मरी या मुलाशी त्याचे इतके साम्य की, दोघे भाऊ आहेत हे कोणी सांगण्याची गरज पडू नये. धाकट्या धन्यास हे साम्य सहन होईना. त्याच्या हट्टामुळे अखेर विल्यमला गुलामांच्या व्यापाऱ्याच्या हवाली करण्यात आले. बाल फ्रेडरिक हे सारे ऐकत होता, पाहत होता. ज्याचा चेहरा बापासारखा, त्याला बापाच्या घरात थारा नाही, हा धडा त्यास अक्षरओळख होण्यापूर्वीच मिळाला.

त्याची स्वतःची स्थिती म्हणाल तर, हिवाळ्यातही अंगावर गुडघ्यापर्यंतचा एक जाडाभरडा सदरा. पायांत जोडे नाहीत, अंथरूण नाही. मक्याच्या रिकाम्या पोत्यात डोके घालून तो निजे, पाय बाहेर राहात. थंडीने पायांना अशा भेगा पडल्या होत्या की, पुढे ज्या लेखणीने ते चरित्र लिहिले ती लेखणी त्या भेगांत सहज मावली असती, असे ते सांगत.

अक्षरांचा शोध

१८२६ साली त्याचे दैव पालटले. मालकाच्या जावयाचा भाऊ ह्यू ऑल्ड हा बॉल्टिमोर शहरात राही. त्याच्या लहान मुलास सांभाळण्यासाठी फ्रेडरिकला तेथे धाडण्यात आले. ह्यूची पत्नी सोफिया हिने यापूर्वी कधी गुलाम ठेवला नव्हता. तिने या मुलास मायेने वागविले आणि मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. पतीस हे कळताच त्याने तिला कडक शब्दांत थांबविले. वाचावयास शिकला की गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, असे त्याचे म्हणणे. मुलगा तेथेच उभा होता. ज्या गोष्टीचे मालकास इतके भय वाटते, तीच गोष्ट आपल्या मुक्तीचा मार्ग असली पाहिजे, हे त्याने त्या क्षणी ओळखले.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आपणांस ठाऊक आहे. पित्याचे गोत्र ठाऊक नसलेल्या त्या मुलाने आचार्यांस सत्य तेच सांगितले. तेव्हा आचार्यांनी त्यास शिष्य केले, आणि जाबाल हे मातेच्या नावावरून पडलेले नावच त्यास भूषण झाले. फ्रेडरिकला असा आचार्य भेटला नाही. त्याने आपले आचार्य रस्त्यावर शोधले. घरात भाकरीला तोटा नव्हता. ती खिशात घालून तो बाहेर पडे, आणि गल्लीतील गरीब गोऱ्या मुलांस ती देऊन त्यांच्याकडून धडे घेई. गोदीत सुतार लाकडांवर खुणेची अक्षरे लिहीत, ती तो गिरवी. धन्याच्या मुलाच्या जुन्या कित्त्यांतील मोकळ्या जागी लिहून त्याने अक्षर वळविले. साधारण बाराव्या वर्षी ५० सेंट साठवून त्याने ‘कोलंबियन ओरेटर’ नावाचे वक्तृत्वाच्या उताऱ्यांचे पुस्तक विकत घेतले, आणि तेच त्याचे विद्यापीठ झाले.

मध्यंतरी अँथनी मरण पावला आणि त्याच्या मालमत्तेच्या वाटणीसाठी फ्रेडरिकला पुन्हा खेड्यात नेण्यात आले. घोडे, मेंढरे, डुकरे आणि माणसे एका रांगेत उभी करून त्यांची किंमत ठरविली गेली. वाटणीत तो अँथनीची मुलगी ल्युक्रीशिया, म्हणजे टॉमस ऑल्डची पत्नी, हिच्या हिश्श्यास आला. कुजबूज खरी मानली, तर ही त्याची सावत्र बहीण. बहिणीच्या वाट्याला भाऊ मालमत्ता म्हणून आला, असा तो प्रकार.

पुढील वर्षांचा वृत्तांत थोडक्यात देतो. सोळाव्या वर्षी त्यास एडवर्ड कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे धाडण्यात आले. तरुण गुलामांची रग जिरविण्याविषयी या गृहस्थाची ख्याती होती. सहा महिने मार खाल्ल्यावर एके दिवशी फ्रेडरिकने त्याचा गळा धरला. दोघांची झुंज बराच वेळ चालली, आणि त्यानंतर कोव्हीने त्याच्या अंगास हात लावला नाही. १८३६ साली पळून जाण्याचा पहिला बेत फसला आणि त्यास पुन्हा बॉल्टिमोरला आणण्यात आले. तेथे गोदीत चार गोऱ्या उमेदवारांनी त्यास इतके मारले की डोळा जाण्याची वेळ आली. धन्याने फिर्याद नेली. परंतु गोऱ्या साक्षीदाराविना काहीच करता येणार नाही, असे न्यायाधीशाने सांगितले. मार खाणाऱ्याच्या अंगातील अर्धे गोरे रक्त साक्षीस चालत नव्हते.

जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजविण्याचे काम तो शिकला, चांगले पैसे मिळवू लागला, आणि दर शनिवारी ते धन्याच्या हातावर ठेवू लागला. अखेर ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा पोशाख करून आणि एका स्वतंत्र कृष्णवर्णी खलाशाचा दाखला खिशात घालून तो आगगाडीत बसला. दाखल्यातील वर्णन त्याच्यापेक्षा पुष्कळ काळ्या माणसाचे होते. तपासनिसाने नीट पाहिले असते तर तेथेच सारे संपले असते. पित्याकडून आलेला उजळ वर्ण त्या दिवशी जिवावर बेतणार होता. सुदैवाने तपासनिसाची नजर दाखल्यावरच्या मोठ्या छापावर खिळली, आणि चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. ॲना मरे ही बॉल्टिमोर येथील स्वतंत्र कृष्णवर्णी तरुणी. तिच्याच साहाय्याने हा बेत तडीस गेला होता. ती मागोमाग आली, आणि त्याच महिन्यात दोघांचा विवाह झाला. पाठलाग चुकविण्यासाठी बेली हे मातृकुलाचे आडनाव टाकावे लागले, आणि वॉल्टर स्कॉटच्या काव्यातील एका पात्रावरून डग्लस हे आडनाव घेतले गेले.

उत्तरेकडील भिंती

उत्तरेकडील राज्यांत गुलामगिरी नव्हती. वर्णभेद मात्र पदोपदी होता. न्यू बेडफर्ड बंदरात डग्लस यांस आपल्या कसबाचे काम मिळेना, कारण त्यांच्या शेजारी उभे राहून काम करण्यास गोरे कारागीर तयार नव्हते. निम्म्या मजुरीवर त्यांनी हमाली केली, लाकडे फोडली. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्रसाद गोऱ्यांचे उरकल्यावर काळ्यांस मिळे. तेव्हा त्यांनी ते चर्च सोडले. आगगाडीत काळ्यांचा डबा वेगळा. १८४१ साली त्यांनी गोऱ्यांच्या डब्यातील जागा सोडण्याचे नाकारले. पाच-सहा माणसांनी त्यांस ओढून काढले, तेव्हा घट्ट धरलेले बाकही त्यांच्याबरोबर उखडून आले. १८४८ साली रॉचेस्टर येथे त्यांची नऊ वर्षांची कन्या रोझेटा हिला शाळेत वेगळ्या खोलीत एकटीला बसविण्यात आले. डग्लस यांनी तक्रार केली, तेव्हा मुख्याध्यापिकेने वर्गातील मुलींना विचारले, आणि त्या साऱ्याजणींनी रोझेटाला आपल्याजवळ जागा देऊ केली. मग पालकांस विचारण्यात आले. एका पालकाने हरकत घेतली, आणि त्या एका हरकतीवर रोझेटास शाळा सोडावी लागली. डग्लस थांबले नाहीत. त्या शहरातील सार्वजनिक शाळांतील वर्णभेद १८५७ साली बंद झाला. आपल्याकडील शाळांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याहून अधिक सांगावयास नको.

१८४१ पासून ते गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देऊ लागले. १८४५ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात मालकांची नावे असल्याने पकडले जाण्याचे भय निर्माण झाले. म्हणून ते आयर्लंड व इंग्लंड येथे गेले. तेथील स्नेह्यांनी १५० पौंड जमवून १८४६ साली त्यांस कायदेशीर स्वातंत्र्य मिळवून दिले. परत आल्यावर त्यांनी रॉचेस्टर येथून ‘नॉर्थ स्टार’ हे पत्र काढले. १८४८ सालच्या सेनेका फॉल्स येथील परिषदेत स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेऊन ते उभे राहिले. यादवी युद्धात त्यांनी आपले दोन पुत्र सैन्यात धाडले, आणि कृष्णवर्णी सैनिकांस समान वागणूक मिळावी म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची भेट घेतली. १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली, आणि सुमारे चाळीस लक्ष माणसे माणसांत गणली जाऊ लागली.

रक्ताचा हिशेब

आता आम्ही या चरित्राच्या मर्माकडे वळतो. डग्लस यांचे वक्तृत्व ऐकून प्रथम लोक म्हणत, हा गुलाम असणे शक्यच नाही. आत्मचरित्राने ती शंका फिटली, तेव्हा दुसरी निघाली : ही बुद्धी त्याच्या अंगातील गोऱ्या रक्ताची असली पाहिजे. त्या काळचे मोठमोठे पंडित कवट्या मोजून हाच सिद्धांत मांडीत होते. डग्लस यांनी १८५४ साली एका महाविद्यालयात व्याख्यान देऊन या पंडितांस उत्तर दिले, आणि १८५५ सालच्या दुसऱ्या आत्मचरित्रात आपल्या आईविषयी एक गोष्ट नमूद केली. ती गोष्ट त्यांस तिच्या मृत्यूनंतर कळली होती. हॅरिएट बेली हिला वाचता येत असे. शेतात राबणारी ती दासी हे कोठे शिकली, ते कोणासही सांगता येईना. परंतु टकाहोच्या साऱ्या गुलामांत व स्वतंत्र कृष्णवर्णियांत वाचता येणारी ती एकटीच होती. आपल्याला जे काही विद्येचे प्रेम असेल, ते अज्ञात गोऱ्या पित्याकडून नव्हे, तर या निराधार, काळ्या मातेकडून आले आहे, असे त्यांनी निःशंकपणे लिहिले. आईचे चित्र त्यांच्यापाशी नव्हते. एका ग्रंथात इजिप्तच्या प्राचीन राजाच्या मुखवट्याचे चित्र होते. त्यात त्यांस आईची चर्या दिसे, आणि ते पान ते पुन्हा पुन्हा उघडून पाहात. १८८७ साली, वयाच्या उत्तरार्धात, ते इजिप्त देश प्रत्यक्ष पाहून आले.

या निवडीचे मोल समजण्यासाठी दुसरी वाट कोणती होती, तेही पाहिले पाहिजे. दक्षिणेकडील चार्ल्स्टन शहरात १७९० साली उजळ वर्णाच्या स्वतंत्र मिश्रवंशीयांनी एक साहाय्यक मंडळ स्थापन केले होते. विधवांना मदत, अनाथ मुलांचे शिक्षण, स्वतःची दफनभूमी, असे त्याचे उद्देश होते, आणि ते स्तुत्य होते. परंतु सभासद उजळ वर्णाचाच हवा, हा दंडक. ज्यांस गोऱ्यांनी रंगावरून बाहेर ठेवले, त्यांनीच आपल्याहून काळ्यांस रंगावरून बाहेर ठेवले. पुढे त्या शहरात काळ्या वर्णाच्या स्वतंत्र लोकांनी आपले वेगळे मंडळ काढले. हे वाचून आपल्या मनात जे येते, तेच आमच्याही मनात आले. डग्लस यांस ही वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही.

तथापि मातृकुलाचा अभिमान म्हणजे पितृकुलाचा द्वेष, असेही त्यांनी मानले नाही. ॲना १८८२ साली निवर्तली. २४ जानेवारी १८८४ रोजी डग्लस यांनी हेलन पिट्स या गौरवर्णी सुशिक्षित स्त्रीशी विवाह केला. ती त्यांच्याच कार्यालयात लेखनिक होती व वयाने सुमारे वीस वर्षांनी लहान होती. विवाह लावणारे धर्मोपदेशक फ्रान्सिस ग्रिम्के हे स्वतःही गोऱ्या मालकाचे, दासीच्या पोटी जन्मलेले पुत्र होते. या विवाहाने मोठे काहूर उठले. गोरे संतापले, कृष्णवर्णियांस वाटले, आपल्या पुढाऱ्याने आपल्या स्त्रियांचा अपमान केला. डग्लस यांच्या मुलांस तो रुचला नाही. आणि हेलनचे वडील, जे गुलामगिरीचे कट्टर विरोधक, त्यांनी जावयाचे तोंड पाहण्याचे नाकारले. गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणे सोपे. मुक्त झालेल्यास घरात घेणे अवघड. डग्लस यांनी एवढेच सांगितले की, पहिली पत्नी मातेच्या वर्णाची होती, दुसरी पित्याच्या वर्णाची आहे. म्हणजे आपण कोणाचाच पक्षपात केला नाही. हसत सांगितलेल्या या उत्तरामागे त्यांच्या जन्माची सारी कहाणी होती. पित्याने जो संबंध अंधारात, जुलमाने व नाव लपवून केला, तोच पुत्राने दिवसाउजेडी, संमतीने व नाव देऊन केला.

त्यांच्या उत्तरायुष्यात राजधानीतील सरकारी अधिकारपदे व हैती देशातील वकिलात त्यांच्याकडे चालत आली. २० फेब्रुवारी १८९५ रोजी स्त्रियांच्या एका परिषदेहून घरी आल्यावर त्यांचे आकस्मिक निधन झाले. पुढच्याच वर्षी, १८९६ साली, तेथील सर्वोच्च न्यायालयाने आगगाडीतील वेगळे डबे कायदेशीर ठरविले. त्या खटल्यातील वादी होमर प्लेसी हे वंशाने सात-अष्टमांश गोरे होते. उरलेल्या एक-अष्टमांशाने त्यांची जागा ठरली. आणि डग्लस यांच्या जन्मभूमीत, मेरिलँडमध्ये, गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील बंदी उठण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

उपसंहार

ज्ञातिबंधू-भगिनींनो, ज्ञातिसंस्था या परस्परसाहाय्यासाठी निघाल्या. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, विधवांना मदत ही त्यांची कामे समाजास उपकारक ठरली आहेत, याविषयी आम्हांस अभिमान आहे. परंतु आज अनेक संस्थांपुढे एक प्रश्न वारंवार येतो. ज्ञातीतील कन्येने अन्य ज्ञातीत विवाह केला, तिच्या मुलाने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, तर तो आपला की परका? कोणी बापाचे कुळ पाहून त्यास बाहेर ठेवतो; आणि तेच मूल बापाच्या ज्ञातीकडे गेले, तर तेथे आईचे कुळ विचारले जाते. नियमांच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी आपण एवढे आठवावे की, कुळ कोणत्या बाजूने मोजावयाचे, हे नियम माणसांनीच केले आहेत, आणि बहुधा ते करणाऱ्यांच्या सोयीसाठी केले आहेत. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांनी ते आईच्या बाजूने मोजले, कारण त्यात त्यांचा लाभ होता. आपण बापाच्या बाजूने मोजतो, तेव्हा त्यात कोणाचा लाभ आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

अर्ज घेऊन दाराशी उभा असलेला मुलगा आपल्या आईचे नाव सांगत असेल, तर ते नाव पुरेसे मानावे, असे आमचे नम्र मत आहे. बारा मैल चालून एका रात्रीपुरत्या आलेल्या हॅरिएट बेलीच्या नावावर तिच्या मुलाने सारे आयुष्य उभे केले. ते नाव त्यास अपुरे वाटले नाही.